खुंटा आणि साय

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. खरं तर दोन दगड, एकावर एक. माणसं आम्हा दोघांना मिळून जातं म्हणतात. तुमच्याशी बोलतोय तो मी वरचा. खालचा जन्मात कधी जागचा हलला नाही, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि असतं तरी मी त्याला बोलू दिलं नसतं. माझा स्वभावच तसा आहे. दुसऱ्याचं कौतुक मला सोसत नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण याच मत्सरापायी मी एका माणसाला बारा वर्षं मनातल्या मनात चोर ठरवलं, आणि ती गोष्ट मला आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म हान्तान नदीच्या काठचा. तिथला दगड काळा असतो आणि त्याला अंगभर बारीक बारीक भोकं असतात. त्या भोकांच्या कडांना धार असते. भिजलेला दाणा त्यांच्या तावडीत सापडला की लोण्यासारखा होऊनच बाहेर पडतो. पाथरवटाने एका खडकाचे तीन तुकडे केले. दोन तुकड्यांचं जातं झालं आणि तिसरा शाळेची पायरी झाला. त्या पायरीवर रोज शंभर मुलं बसतात असं कानावर आलं, तेव्हा मला पहिल्यांदा कोणाचा तरी हेवा वाटला. पुढे कळलं की मुलं तिच्यावर चिखलाचे पायही पुसतात. मग जरा बरं वाटलं.

दुहो नावाच्या एका तरुणाने मला पाठीवर बांधून योनछनच्या आपल्या घरी आणलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याच्या बायकोचं नाव ओकबुन. तिने माझ्या अंगावरून हात फिरवला, मला एक गिरकी दिली, आणि जड आहे, चांगलं आहे, एवढंच म्हणाली. दुहोने तिच्या मुठीचं माप घेऊन ओकच्या लाकडाचा खुंटा तासला. तो खुंटा माझ्या अंगात ठोकला गेला, तेव्हा मी खऱ्या अर्थाने जातं झालो.

या खुंट्याला आमच्याकडे ओछोगुनी म्हणतात. आणि एखादी गोष्ट इतकी अचाट असली की माणसाची बोलतीच बंद व्हावी, तर लोक म्हणतात, "खुंटाच नाही याला." म्हणजे दाणे भिजले, परात मांडली, दळायला बसलं, आणि बघतात तर जात्याला खुंटाच नाही. शिकलेली माणसं सांगतात की ही म्हण जात्यावरूनच आली असं काही नक्की नाही. मला नक्की आहे.

माझी कामाची वर्षं सुखाची गेली. ओकबुन आदल्या संध्याकाळी सोयाबीन भिजत घालायची आणि सकाळी उकडायची. खरी मेख उकडण्यातच असते. दाणे कमी शिजले तर कच्चट वास येतो, जास्त शिजले तर आंबवणासारखा. ओकबुन नुसत्या वाफेवरून ओळखायची. मग दाणे पाण्यात चोळून सालं काढायची आणि माझ्या तोंडात एक पळी दाणे, अर्धी पळी पाणी असा घास घालायची. मी फिरायचो, आणि माझ्या कडेने पांढरंशुभ्र दाट दूध खाली परातीत उतरायचं. कधी त्यात भाजलेले तीळ असायचे, कधी मूठभर चिलगोजे. उन्हाळ्याच्या दुपारी त्या गार दुधात शेवया सोडायच्या, वर काकडीच्या चार कापट्या आणि चिमूटभर मीठ घालायचं की झाल्या कोंगुक्सू. दुहो वाडगा तोंडाला लावून शेवटचा थेंबसुद्धा संपवायचा आणि "किती मऊ आहे गं," म्हणायचा. त्यांचा मुलगा तेसोक पळी चाटायचा.

त्या काळी आमच्या गावात गाईच्या दुधाची साय कोणी चाखलेली नव्हती. दाट, पांढरं आणि जिभेवर रेंगाळणारं जे काही होतं ते माझ्यातूनच यायचं. रस्सा दाट करायचा असो, आजाऱ्याला पेज हवी असो की दात नसलेल्या म्हाताऱ्याला काही अंगाला लागणारं हवं असो, लोक ओकबुनच्याच दारात यायचे. मला स्पर्धाच नव्हती. मी फार चांगल्या स्वभावाचा आहे असं त्या काळात मला वाटायचं.

दळण झालं की ओकबुन मला धुवायची आणि खुंटा उपसून वेगळा वाळत ठेवायची, घरामागच्या ओट्यावर, मसाल्याच्या आणि मिठाच्या रांजणांपाशी. ओलं लाकूड फुगून दगड चिरतो, म्हणून ही काळजी. दुहो गेल्यावरही तिने हा नेम मोडला नाही. उलट त्यानंतर ती खुंटा जास्तच वेळ पुसत बसायची. मला त्या खुंट्याचासुद्धा थोडा हेवा वाटायचा.

मग तेसोकचं लग्न झालं आणि मिरान या घरात आली. ती पार दक्षिणेकडची, समुद्राकाठच्या मोकपोची. बोलणं गोड, हसणं मोकळं. पहिल्याच उन्हाळ्यात ओकबुनने नव्या सुनेसाठी कोंगुक्सूचा बेत केला. शेजारच्या दोघी बायकांनाही बोलावलं. मी त्या दिवशी जीव ओतून फिरलो. दूध असं उतरलं की पळी आडवी केली तरी ओघळेना.

मिरानने एक घास खाल्ला. मान डोलावली. मग खालच्या आवाजात विचारलं, "आई, थोडी साखर आहे का?"

ओकबुनला वाटलं, चहाबिहासाठी असेल. तिने साखरेचा डबा दिला. मिरानने दोन चमचे साखर घेऊन सरळ त्या वाडग्यात घातली आणि ढवळली. शेजारणींचे हात जागच्या जागी थांबले. ओकबुनने एकदा वाडग्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं.

"सोयाबीनच्या शेवयांत साखर?" ती म्हणाली. "खुंटाच नाही बाई याला."

शेजारणी खो खो हसल्या. मिरान म्हणाली की आमच्या मोकपोला सगळे असंच खातात, मीठ घातलेलं मी इथेच पहिल्यांदा पाहिलं. पण हसण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. तीही हसली, वाडगा संपवला, आणि स्वतःच धुऊन ठेवला. मीही हसत होतो. मित्रांनो, माझ्या दुधात साखर घालणाऱ्या बाईबद्दल मला काडीचीही दया आली नाही.

पुढच्याच महिन्यात तिने शहरातून एक कागदी डबी आणली. आत क्रीम होतं. गाईच्या दुधाचं, घट्ट आणि गोरंगोमटं. मिरानने लसूण परतला, मश्रूम परतले, त्यावर ती डबी ओतली आणि पास्ता घोळवला. तेसोकने तीन ताटल्या खाल्ल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच असायचो, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर चाललं होतं. तेसोक आईला म्हणाला, "चाखून तर बघ. किती मऊ आहे."

मऊ हा शब्द त्या घरात तोवर फक्त माझ्यासाठी वापरला गेला होता. पोटात दगड पडला असं म्हणायची सोय मला नाही, मी सगळाच दगड. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वर्षानुवर्षं फिरून फिरून झिजायचं, आणि ही डबी कात्रीने कापली की तयार! तिला भिजायला नको, उकडायला नको, कोणाचा हात लागायला नको. मी त्या डबीला मनात सवत म्हणू लागलो. दर रविवारी सवतीची पंगत बसायची. ओकबुनही ताटली संपवायची आणि छान झालंय म्हणायची. त्या ‘छान’चा मला फार राग यायचा.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी, ओकबुन बाजाराला गेलेली असताना, मिरान माझ्याजवळ आली. तिने चोरून सोयाबीन भिजवलं होतं. बस सुटेल म्हणून दांडी धरावी तसा तिने माझा खुंटा धरला आणि मला गरागरा फिरवलं. घास मोठे, पाणी जास्त. दूध पातळ आणि भरड उतरलं. मी मुद्दाम अडलो, हेही सांगून टाकतो. तिने परातीतच साखर घातली, पायरीवर बसली, आणि शेवयाबिवया काही न घालता ते दूध पळीने प्यायली. पिता पिता रडली. मला वाटलं, बरी जिरली, माझ्याशिवाय चाललं नाही ना शेवटी. ती का रडते आहे हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही.

तिने मला घाईघाईत धुतलं. खुंटा मागे नेऊन ठेवला. पण माझ्या कडेला गोडसर दूध राहून गेलं होतं. दुपारी ओकबुन परत आली, तेव्हा माझ्या अंगावर मुंग्यांची रांग लागली होती. ती बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत उभी राहिली. एक मुंगी तिने बोटाने चिरडली. मग घरामागे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खुंटा सापडेना. तेसोकने सगळं घर पालथं घातलं. शेवटी खुंट्याला हात कोणी लावला होता असं त्याने विचारलं. मिरान म्हणाली की मी लावला होता, पण धुऊन जागेवर ठेवला होता. ओकबुन म्हणाली, "असेल. माझं काय. मी तर घरातच नव्हते." तेसोकने नवा खुंटा करून द्यायची तयारी दाखवली, पण दुहोच्या हातचा गेला तर दुसरा नको असं ओकबुनने सांगितलं. तिने मिरानवर आळ घेतला नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या नजरा आपोआप मिरानकडे वळल्या होत्या.

माझ्या मनात तर निकालच लागला. हिनेच चुलीत घातला. हिला हिची डबी चालवायची होती. काही दिवसांनी कळलं की मिरानला दिवस गेले आहेत, पण तेव्हाही मी दोन आणि दोन चार केले नाहीत. मत्सराला हिशेब नीट येत नाही.

खुंट्याशिवाय जात्याला काय किंमत. मला अंगणात पर्सिमनच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. माझ्या तोंडात पावसाचं पाणी साचलं आणि त्यात डास झाले. कोणीतरी माझ्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली. जाणारे येणारे फुलं छान आहेत म्हणायचे, कुंडी कशावर आहे ते कोणी बघत नव्हतं. स्वयंपाकघरात मिक्सर आला. तो एक मिनिट बोंब ठोकायचा आणि सगळे त्याला हुशार म्हणायचे. सवतीच्या डब्या येत राहिल्या. मी झाडाखालून त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि मनातल्या मनात रोज मिरानला शिव्या घालत राहिलो.

या बारा वर्षांत एकच गोष्ट माझ्या मनासारखी होती, आणि ती म्हणजे मिरानची मुलगी हारिन. ती कुंडी खाली उतरवून माझ्यावर बसून अभ्यास करायची आणि मला काळोबा म्हणायची. हारिनला आईच्या हातचा क्रीमचा पास्ता जिवापाड आवडायचा. पण नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून पास्ता खाल्ला की तिचं पोट फुगायचं, कळा यायच्या, आणि रविवारची संध्याकाळ संडासात जायची. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, घाबरायचं कारण नाही, दुधातली साखर हिला पचत नाही, आमच्या भागात हे पुष्कळांचं असतं. घरात आणखी कोणाला होतं का, असंही विचारलं. घरी येऊन मिरान हे सगळं सांगत होती, तेव्हा ओकबुन मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

"आजीला होतं की," हारिन म्हणाली. "आजी दर रविवारी तीनदा आत जाते. मी मोजलंय."

ओकबुनचे कान लाल झाले. बारा वर्षं ती कळा सोसून ‘छान झालंय’ म्हणत होती. तक्रार केली असती तर सून म्हणाली असती, सासूला माझं कौतुक बघवत नाही. आणि ते खरं असल्यामुळे तिला ते ऐकायचं नव्हतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला. सवत आजी आणि नात दोघींच्याही पोटाला बाधली होती. आता घरात डबी येणार नव्हती.

पण आठवड्यावर हारिनचा वाढदिवस आला होता. शाळेतल्या तीन मैत्रिणी जेवायला येणार होत्या, आणि हारिनने त्यांना आईच्या क्रीम पास्त्याबद्दल महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. दुसरं काहीही नको, तेवढं एक हवं, आणि बाकीच्या मुलींसारखं सुखाने बसून खाता यायला हवं. तिने आईला एवढंच मागितलं. मिरानने हो म्हटलं आणि तिची झोप उडाली.

आधी तिने क्रीमऐवजी सोयाबीनचं दूध घालून बघितलं. तेसोक सकाळी पितो तेच खोकं तिने घाईत उचललं. आमच्याकडचं खोक्यातलं दूध गोड असतं हे कोणालाही माहीत आहे, तिलाही माहीत होतं, पण चूक झाली. लसूण, मश्रूम आणि वर गोडमिट्ट रस्सा. हारिनने एक घास खाऊन ताटली सरकवली.

"मोकपोला पास्त्यातसुद्धा साखर घालतात वाटतं," ओकबुन म्हणाली. ही तिची जुनी खोड. पण या वेळी कोणी हसलं नाही. हारिनच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरानने ताटल्या उचलल्या आणि धुवायला गेली. ओकबुन एकटीच टेबलाशी बसून राहिली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मिरानने सोयाबीन नीट उकडलं, चिलगोजे घातले आणि मिक्सर लावला. पाणी घातल्याशिवाय मिक्सरचं पातं फिरेना. दाणे कडेला चिकटून बसायचे आणि पातं हवेतच गरगरायचं. पाणी घातलं की दळलं जायचं, पण हाती यायचं ते पातळ, फेसाळ दूध. ते पास्त्यावर टिकेना, तळाशी उतरे. मिक्सर वाईट नाही, मित्रांनो. पिण्याचं दूध तो झकास करतो, हे मी आज कबूल करतो. पण घट्ट साय हवी असेल तर जड दगड हवा आणि सावकाश फिरणारा हात हवा.

वाढदिवसाची सकाळ उजाडली. मिरान अंगणात आली. तिने माझ्यावरची कुंडी उचलून बाजूला ठेवली, माझं शेवाळ तारेच्या घासणीने घासलं आणि मला सात-आठ बादल्या पाण्याने धुतलं. बारा वर्षांनी अंगाला हात लागला, आणि तोही हिचा. खुंट्याच्या भोकात तिने लाटणं घालून बघितलं, ते सैल पडलं. मग तिने माझी कड दोन्ही हातांनी धरली आणि तसंच मला फिरवायला लागली. एक फेरा, दोन फेरे. माझ्या खरबरीत कडेने तिच्या बोटांची सालं निघाली. मी मनात म्हणालो, भोग आता, खुंटा जाळताना हे सुचलं नाही का? तिचं रक्त माझ्या अंगाला लागलं तरी मी हेच म्हणत होतो. आज ते आठवलं की मला माझी शरम वाटते.

ओकबुन दाराच्या पायरीवर बसून हे बघत होती. मिरानने बोटांना फडकं गुंडाळलं आणि पुन्हा माझी कड धरली. तेव्हा ओकबुन उठली आणि घरामागे गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. आली तेव्हा तिच्या हातात खुंटा होता. तोच, ओकचा, दुहोने तासलेला. अंगभर मिठाचे खडे चिकटल्यामुळे तो पांढरा दिसत होता.

"हा हरवला नव्हता," ती म्हणाली. "मी लपवला होता. मिठाच्या जुन्या रांजणात, तळाशी."

मिरानने मान वर केली नाही. "माहीत आहे, आई."

ओकबुनने विचारलं, "कधीपासून?"

"हारिन चार वर्षांची होती. किमचीसाठी मीठ काढताना हाताला लागला. होता तसा पुन्हा पुरून ठेवला."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्हाला या घरात तोंड वर करून बसता आलं नसतं." मिरानने बोटांवरचं फडकं घट्ट केलं. "आणि खरं सांगू? मलाही तो सापडायला नकोच होता. जातं फिरायला लागलं असतं, तर तेसोक पुन्हा तुमच्याच वाडग्याकडे वळला असता. माझ्याकडे तेवढा एक पास्ताच होता."

ओकबुन माझ्याशेजारी खाली बसली. पदराने पुसावं तशी ती बाहीने खुंट्याचं मीठ पुसत राहिली. "मला वाटलं, माझं जातं घेतेस आणि त्यालाही साखर लावतेस," ती म्हणाली. "आठ दिवसांनी कळलं की हारिन पोटात आहे. तुला डोहाळे लागले होते, आणि मी खुंटा लपवून बसले होते. मग तो बाहेर काढायला तोंडच उरलं नाही."

डोहाळे. हा शब्द मी ऐकला आणि पायरीवर बसून रडत दूध पिणारी ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढे आली. माहेर दूर, सासूने चार बायकांत हसं केलेलं, आणि जिभेला ओढ आईच्या हातच्या चवीची. आणि मी मुद्दाम अडलो होतो. तिचं दूध मी भरड काढलं होतं. बारा वर्षं जिला चोर म्हटलं तिने काही चोरलं नव्हतं, आणि जिच्या बाजूने भांडत होतो तिनेच माझा खुंटा नेला होता. मित्रांनो, मला खरंच खुंटा उरला नाही.

ओकबुनने तो माझ्या भोकात बसवला आणि बत्त्याने दोनदा ठोकला. घट्ट बसला. मिठात राहिल्याने लाकडाला कीड लागली नव्हती. मग तिने मिरानला समोर बसायला सांगितलं. एका खुंट्यावर दोघींचे हात आले, वर ओकबुनचा आणि खाली फडकं गुंडाळलेला मिरानचा. सुरुवातीला जमेना. एक ओढायची तेव्हा दुसरीही ओढायची. ओकबुन म्हणाली, "तुझ्या बाजूला आलं की तू ढकल. माझ्याकडे आलं की मला सोड. सगळं तूच करू नकोस." दहा-बारा फेऱ्यांनी लय लागली. मी या वेळी अडलो नाही. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी दिलं.

सोयाबीन, मूठभर चिलगोजे आणि पाणी जेमतेम दोन पळ्या. माझ्या कडेने जे उतरलं ते वाहत नव्हतं, चमच्याने खरवडून घ्यावं लागत होतं. मिरानने चमचा त्यात रोवला, तो उभा राहिला. तिने चाखलं. "ही साय आहे, आई," ती म्हणाली. ओकबुन म्हणाली की मी जन्मभर हेच केलं, पण याला साय म्हणायचं मला कधी सुचलं नाही.

स्वयंपाकघरातलं मला दारातून दिसत होतं. मिरानने लसूण आणि मश्रूम परतले. साय घालताना ओकबुनने आच बारीक करायला लावली, कारण सोयाबीनला उकळी फुटली की गुठळ्या होतात. पास्ता कितपत शिजवायचा ते मिरानने सांगितलं. दोघीही एकमेकींचं ऐकत होत्या आणि दोघींनाही ते जड जात होतं, हे लांबूनही कळत होतं.

मुली आल्या, जेवल्या. हारिनने दोन ताटल्या खाल्ल्या आणि मैत्रिणींबरोबर संध्याकाळपर्यंत अंगणात दोरीवरच्या उड्या मारल्या. एकदाही आत पळाली नाही. एका मुलीने विचारलं, हे कुठल्या दुकानातलं क्रीम? मिरानने खिडकीतून माझ्याकडे बोट केलं आणि आजीच्या जात्यावरचं, असं सांगितलं. नाव आलं ते आजीचं आणि जात्याचं. आपलं नाव तिने घेतलंच नाही. लसणाला श्रेय जाईल की काय म्हणून मी उगाच धास्तावलो होतो.

मुली गेल्यावर उरलेली साय पातळ करून दोघींनी त्यात शेवया सोडल्या. काकडी चिरली. टेबलावर मीठही ठेवलं आणि साखरेचा डबाही. मिरान मिठाकडे हात नेत होती, तेवढ्यात ओकबुनने डबा ओढला, अर्धा चमचा साखर घेतली आणि स्वतःच्या वाडग्यात घालून ढवळली. एक घास खाल्ला. बराच वेळ चघळला.

"खुंटाच नाही बघ याला," ती म्हणाली, आणि वाडगा तळापर्यंत संपवला.

मिरान हसता हसता रडायला लागली. या वेळी ती का रडते आहे ते मला कळलं.

आता मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. माझ्या झिजलेल्या अंगाला पाथरवटाकडून टाकी लावून आणली आहे. तेसोकसाठी कधी कधी ती कागदी डबी अजून येते, आणि मिक्सरही जागेवरच आहे. त्याचा आवाज ऐकला की मला अजून जळायला होतं, उगाच नाही म्हणणार नाही. पण आता मी जळतो आणि गप्प बसतो, कोणाला चोर ठरवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं जातं, पाटा किंवा खलबत्ता धूळ खात पडला असेल. त्याला धुवा, पुसा, हात लावा, एवढंच त्याचं मागणं असतं. आणि त्याचा खुंटा हरवला असेल, तर कोणाकडे बघण्याआधी आपल्या घरातला मिठाचा रांजण उपसून बघा. आमचा खुंटा आता दारामागच्या खिळ्याला टांगलेला असतो, दोघींचाही हात पोचेल इतक्या उंचीवर.